क्रोके: विंबल्डनची जागा ज्या खेळासाठी घेतली तो खेळ

डावखुरा

मंडळी, गेले दोन उन्हाळे मी एक खेळ खेळतोय, ज्याचं नाव फोनवर सांगितल्यावर आईने विचारलं, "क्रोशे? विणकाम शिकतोयस का तू?" क्रोशे नाही, क्रोके. स्पेलिंग बघून आपण सगळे क्रोक्वेटच म्हणतो. मीही पहिल्या दिवशी तेच म्हणालो, तर क्लबातल्या एका आजींनी शांतपणे "क्रो-के" असं दुरुस्त केलं आणि हातात मॅलेट दिलं. मॅलेट म्हणजे आपली बॅट ठोकायची मोगरी असते ना, तिला कमरेएवढा दांडा लावा, झालं.

मी नोकरीमुळे इंग्लंडात ग्लॉस्टरशरमध्ये आहे, गाव छोटं, क्लब त्याहून छोटा, मेंबरांचं सरासरी वय सत्तर तरी असेल. मला वाटलं आजी-आजोबांचा चहा-बिस्किटाचा टाइमपास. पहिल्या खऱ्या मॅचमध्ये त्याच आजींनी मला २६-३ हरवलं आणि त्यातली चाळीस मिनिटं मी बाजूच्या खुर्चीवर नुसता बसून होतो कारण माझी पाळीच येईना. तेव्हा कळलं की हे प्रकरण दिसतं तसं सोज्वळ नाहीये.

मग वाचायला लागलो आणि इतिहास तर खेळापेक्षा भारी निघाला, म्हणून हा धागा. थोडक्यात सांगतो, बाकी प्रतिसादात बोलू.

लाकडी मोगरीने चेंडू ढकलायचे खेळ युरोपात जुनेच. सतराव्या शतकात लंडनमध्ये पेल-मेल जोरात होता, दुसरा चार्ल्स राजा सेंट जेम्स पार्कात खेळायचा, सॅम्युएल पीप्सच्या डायरीत एप्रिल १६६१ ला ड्यूक ऑफ यॉर्कला हा खेळ खेळताना बघितल्याची नोंद आहे. लंडनचा पॉल मॉल रस्ता म्हणजे हेच नाव. पण क्रोकेशी त्याचं नातं लांबच्या चुलत्यासारखं आहे, आडनाव एक, जाणंयेणं नाही.

खरा क्रोके आला आयर्लंडमधून. १८३४ मध्ये कॅसलबेलिंगहॅमला 'क्रूकी' नावाचा खेळ खेळल्याची नोंद आहे, १८३५ मध्ये तो गॉलवेला पोचला. तिथून १८५० च्या आसपास समुद्र ओलांडून इंग्लंडात. लंडनमध्ये आयझॅक स्प्रॅट नावाचा खेळण्यांचा दुकानदार होता, त्याने १८५६ मध्ये नियम छापून रजिस्टर केले. धंदा मात्र केला जॉन जेक्स या खेळाचं सामान बनवणाऱ्याने. पेटीबंद सेट, सोबत नियमांचं पुस्तक, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत इंग्लंडात ज्याच्याकडे म्हणून थोडी हिरवळ होती त्याने हूप, म्हणजे लोखंडी कमानी, ठोकल्या.

१८६८ मध्ये 'द फील्ड' या साप्ताहिकाच्या ऑफिसात सहा जणांनी मिळून ऑल इंग्लंड क्रोके क्लब काढला. वर्षभर जागा शोधली आणि १८६९ मध्ये वर्पल रोडला चार एकर भाड्याने घेतली. गावाचं नाव विंबल्डन. होय, तेच. टेनिसचा तेव्हा तिथे पत्ताच नव्हता.

---

शिळी_भाकरी

काय सांगता! म्हणजे विंबल्डन मूळचं या मोगरीवाल्यांचं? मग टेनिस कसं घुसलं?

---

डावखुरा

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. अक्षरशः तेच झालं.

१८७४ मध्ये मेजर विंगफील्डने लॉन टेनिसचं पेटंट घेतलं. त्याला जागा काय हवी? सपाट, गुळगुळीत, बारीक कापलेलं गवत. ते आयतं कुठे होतं? क्रोकेच्या लॉनवर. क्रोकेचं लॉन १०५ फूट बाय ८४ फूट, टेनिसचं डबल्स कोर्ट ७८ बाय ३६. म्हणजे हूप उपटून टाकले की एका लॉनवर दोन टेनिस कोर्टं शेजारी शेजारी झोपतात. (मी वहीवर आकृती काढून बघितली, आजूबाजूला पळायला जागा कमी पडते पण घरगुती खेळाला चालतंय की.)

वर्पल रोडच्या क्लबाला पैशांची चणचण होतीच, १८७५ मध्ये त्यांनी एक लॉन टेनिसला दिलं. १८७७ मध्ये गवतावर फिरवायचा रोलर, जो तट्टू ओढायचं, तो मोडला. दुरुस्तीला पैसे उभे करायचे म्हणून टेनिसची स्पर्धा ठेवली. एक गिनी प्रवेश फी, २२ पुरुषांनी नावं दिली, फायनलला दोनशेच्या आसपास माणसं एकेक शिलिंग देऊन आली, स्पेन्सर गोर जिंकला. हे पहिलं विंबल्डन. त्याच वर्षी क्लबचं नाव ऑल इंग्लंड क्रोके अँड लॉन टेनिस क्लब झालं. आणि १८८२ मध्ये नावातून क्रोके काढूनच टाकलं!

पुढे १८९९ मध्ये कुणाला तरी लाज वाटली असावी, क्रोके परत घातलं, पण शेवटी. आजही अधिकृत नाव ऑल इंग्लंड लॉन टेनिस अँड क्रोके क्लब असंच आहे.

---

निमा

भटाला ओसरी 😄😄 पण डावखुरा, तो रोलरचा घोडा गवतावर खूर उमटवत नसेल का? माझ्या घरी कुंडीतलं लॉन मांजर चालली तरी बसतं.

---

डावखुरा

निमा, खूप बरोबर प्रश्न. घोड्याला चामड्याचे बूट घालायचे! खुरांवर चढवायचे, तळाला सपाट, वर पट्टे. मी एका जुन्या बंगल्याच्या तबेल्यात चार बूट ओळीने टांगलेले बघितलेत, आधी वाटलं बादल्यांची झाकणं आहेत.

आणि गवताचा मुद्दा निघालाच आहे तर, माझ्या मते क्रोकेचा खरा जनक ना तो दुकानदार ना तो कारखानदार, खरा जनक एडविन बडिंग. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडचा माणूस (आमच्याच भागातला म्हणून थोडा अभिमान), १८३० मध्ये याने गवत कापायचं मशीन काढलं. लोकरीच्या कापडाच्या गिरणीत कापडावरची लव छाटायचं पात्यांचं यंत्र असायचं, ते बघून याला सुचलं की लव छाटता येते तर गवत का नाही. त्याआधी लॉन म्हणजे लांब दांड्याचा विळा घेऊन पहाटे दव असताना कापणारे गडी, नाहीतर मेंढ्या. मेंढ्या राखलेल्या गवतावर चेंडू कसा जाणार सांगा, वाटेत काय काय येईल! साध्या बंगलेवाल्याला आपल्या मागच्या अंगणात सपाट हिरवळ परवडायला लागली आणि मग प्रश्न पडला की आता हिच्यावर करायचं काय. त्याचं उत्तर क्रोके.

---

खडूस_काकू

सगळं छान. पण शेवटी श्रीमंतांचे चोचलेच ना. चहा प्यायचा, टोप्या घालायच्या, चेंडू ढकलायचा, याला खेळ म्हणायचं. घाम येतो का?

---

डावखुरा

काकू, घाम येत नाही, राग येतो. तोही भरपूर.

चोचल्यांचा मुद्दा मान्य, इंग्लंडातही तो शिक्का अजून आहे. २००६ मध्ये उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट, जुना कामगार पुढारी, जहाजावर वेटरचं काम केलेला माणूस, सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर क्रोके खेळताना फोटोत सापडला. देशाचा कारभार त्याच्याकडे असताना! एवढा गदारोळ झाला की त्याला तो बंगला सोडावा लागला. पत्ते खेळताना सापडला असता तर इतकं झालं नसतं बहुतेक.

पण एक गोष्ट तुम्हालाही आवडेल. १८६० च्या दशकात बायकांना मैदानात पुरुषांबरोबर, त्याच नियमांनी, त्याच चेंडूने खेळता येईल असा हा जवळजवळ पहिलाच खेळ. पायघोळ झगा सांभाळत सुद्धा खेळता यायचा. त्यावेळची व्यंगचित्रं बघा, चेंडू झुडपात गेलाय आणि तो शोधायला एक मुलगा आणि एक मुलगी गेलेत आणि दोघंही परत यायचं नाव घेत नाहीत. अर्ध्या इंग्लंडची लग्नं जुळली असतील त्या झुडपांत.

नुसतं तेवढंच नाही हां. क्रोकेत बायकांची चॅम्पियनशिप १८६९ ला सुरू झाली, विंबल्डनला टेनिसमध्ये बायकांना यायला १८८४ उजाडलं. आणि १९०५ मध्ये लिली गोवर या बाईंनी ओपन चॅम्पियनशिप जिंकली, ओपन म्हणजे पुरुषांना हरवून. नंतर डोरोथी स्टील बाईंनी तीच स्पर्धा चार वेळा मारली, १९२५, ३३, ३५ आणि ३६. बायका-पुरुष एकाच ड्रॉमध्ये आणि बाई चार वेळा चॅम्पियन, असं दुसऱ्या कुठल्या खेळात दाखवा.

---

खडूस_काकू

हे माहीत नव्हतं. बरं. चोचले मागे घेते, अर्धे.

---

बारामतीचा_बंड्या

दादा ते सगळं ऱ्हाऊद्या, खेळायचं कसं ते सांगा की. चाळीस मिनिटं खुर्चीत का बसवलं म्हातारीनं?

---

डावखुरा

बंड्या, तू लहानपणी गोट्या खेळलायस ना? मग पाच मिनिटांत समजेल, इंग्रजांना समजायला वर्ष लागतं.

लॉनवर सहा हूप आणि मधोमध एक खुंटी. चार चेंडू. निळा-काळा एका पार्टीचे, लाल-पिवळा दुसऱ्याचे. प्रत्येक चेंडूने सहा हूप एकदा जाताना, एकदा परत येताना, असे बारा आणि शेवटी खुंटीला टोला, असे १३. दोन चेंडूंचे २६. आधी २६ करेल तो जिंकला. पाळीला एकच फटका.

आता मेख ऐक. आपल्या चेंडूने दुसऱ्या कुठल्याही चेंडूला मारलं की (याला म्हणतात रोके) तुला दोन फटके जादा. गोटीला गोटी लागली की परत पाळी, तसंच. फरक असा की तू आपला चेंडू उचलून त्या मारलेल्या चेंडूला चिकटवून ठेवायचास आणि असा टोला द्यायचास की दोन्ही हलतील. हा टोला म्हणजे क्रोके, खेळाचं नाव त्याच्यावरून. इथे सगळं कौशल्य. एकाच फटक्यात माझा चेंडू पुढच्या हूपसमोर आणि तुझा चेंडू पार लांबच्या कोपऱ्यात, काट्यात. मग उरलेला दुसरा फटका, त्याने हूप पार केला की आणखी एक फटका मिळतो आणि तिन्ही चेंडू परत मारायला मोकळे. असं साखळीने चालू ठेवलं तर एका पाळीत बाराच्या बारा हूप होतात. समोरचा बसतो खुर्चीत. बिस्किटं खात. मी सात खाल्ली.

हूपची रुंदी ऐकशील तर हसशील. चेंडू ३ पूर्णांक ५/८ इंचाचा, वजन एक पौंड, आणि मोठ्या स्पर्धेत हूप त्याच्यापेक्षा फक्त १/३२ इंच मोठा, म्हणजे एक मिलिमीटर पण नाही. सुरुवातीच्या काळात हूप ऐसपैस असायचे, खेळाडू शहाणे होत गेले तसे ते आवळत आणले. तिरका आलास की टणकन वाजून तिथेच अडकलास. तो आवाज मला आता झोपेत येतो.

---

बारामतीचा_बंड्या

आयला. ह्यो तर कॅरम आन् गोट्याचं लगीन लावल्यावानी झालं. म्हातारी डेंजर हाय.

---

डावखुरा

पूर्वी याहून डेंजर होतं. व्हिक्टोरियन काळात चिकटवलेल्या चेंडूंपैकी आपल्या चेंडूवर पाय दाबून ठेवायचा आणि त्याला टोला हाणायचा, आपला जागेवर आणि समोरच्याचा थेट शेजाऱ्याच्या बागेत. जुन्या चित्रांत बायका झगा किंचित उचलून बुटाचं टोक चेंडूवर ठेवून उभ्या दिसतात ती हीच पोझ. दिसायला नाजूक, हेतू खुनशी. नंतर गंभीर खेळाडूंनी ते बंद केलं.

या गंभीर खेळाडूंचा म्होरक्या वॉल्टर जोन्स व्हिटमोर. याच्याआधी लोक नुसतं ढकलायचे, याने बसून डावपेच लिहून काढले, १८६६ पासून 'द फील्ड'मध्ये छापले, १८६७ ला ईव्हशॅमची पहिली खुली स्पर्धा स्वतःच जिंकला. वर सांगितलेल्या क्लबाच्या स्थापनेतही हा होता, पण बाकीच्यांशी बिनसलं, बाहेर पडून वेगळी चूल मांडली, आणि १८७२ मध्ये वारलाही. टेनिसने केलेली खेळाची गत बघायला राहिला नाही ते एक बरं. त्याच्या घराण्याचा चॅसलटन हाउस हा वाडा अजून आहे, तिथल्या हिरवळीवर मी खेळून आलो. लॉनला जरासा उतार आहे, डावखुऱ्याला फायदा होतो असं माझं मत, बायकोचं मत वेगळं आहे.

---

जपानी_जिलबी

तो पाय ठेवायचा प्रकार बंद नाही झालाय हो, इथे जिवंत आहे! मी जपानमध्ये असते, आमच्या बिल्डिंगसमोरच्या मातीच्या मैदानात रोज सकाळी आजी-आजोबा गेटबॉल खेळतात. तो क्रोकेचाच नातू. १९४७ मध्ये होक्काइदोमध्ये सुझुकी नावाच्या माणसाने काढला, युद्धानंतर रबर मिळत नव्हतं, मुलांना खेळायला रबरी चेंडू नाहीत, लाकूड मात्र मुबलक, म्हणून त्याने क्रोके बघून मुलांसाठी लाकडी चेंडू-मोगरीचा हा खेळ बसवला. पुढे मात्र खेळ गेला म्हाताऱ्यांकडे.

पाच-पाच जणांच्या दोन टीम, दहा चेंडू, एका टीमचे लाल एका टीमचे पांढरे, तीन गेट आणि एक खुंटी, सगळा खेळ अर्ध्या तासात खलास. दुसऱ्याचा चेंडू लागला की आपला चेंडू पायाखाली दाबायचा, त्याचा शेजारी चिकटवायचा आणि हाणायचा. समोरचा चेंडू भर्रकन रेषेबाहेर. ते करताना त्या ऐंशीच्या आजींच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो नातवाला बघूनही नसेल. रोज सकाळी टोला बसला की मला जाग येते, अलार्म लावतच नाही.

---

डावखुरा

जिलबीताई, हे सोनं आहे. म्हणजे इंग्रजांनी असभ्य म्हणून टाकून दिलेला फटका जपानी आज्यांनी जपला.

---

उंबरठा

अमेरिकेतलं राहिलं की. इथे बॅकयार्डमध्ये नऊ कमानी आणि दोन खुंट्यांचा क्रोके खेळतात, हूपला विकेट म्हणतात त्यामुळे आपल्या माणसाचा आधी गोंधळ होतो. पण खरी गंमत 'रोक'ची. इथल्या काही मंडळींनी गवताच्या जागी टणक मातीचं कोर्ट केलं, कडेने भिंत बांधली, म्हणजे चेंडू भिंतीला आपटून परत आणता येतो, बिलियर्डसारखा. मग नाव काय द्यायचं? क्रोकेच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर छाटलं, राहिलं ते रोक. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये हा खेळ होता. चार खेळाडू, चारही अमेरिकन. मेडल्स घरातल्या घरात.

---

डावखुरा

आणि त्याच्या आधी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रोके होता, तिथे जवळजवळ सगळे खेळाडू फ्रेंच. तिकीट काढून आलेला प्रेक्षक म्हणे एकच, एक इंग्रज गृहस्थ, तो तेवढ्यासाठी नीसहून आला होता. मला त्या माणसाला भेटायला आवडलं असतं. पण त्या खेळाडूंत बायकाही होत्या, आणि ऑलिंपिकमध्ये बायका उतरल्या ते पहिल्यांदा त्याच वर्षी, हे पुन्हा एकदा खडूस काकूंसाठी.

---

शिळी_भाकरी

आज कोण भारी आहे यात? इंग्लंडच असणार.

---

डावखुरा

आपण वर बोललो त्या मोठ्या प्रकारात इंग्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया. यांची मॅकरॉबर्टसन शील्ड नावाची टेस्ट मालिका १९२५ पासून चालते, मेलबर्नच्या एका चॉकलेटवाल्याने दिलेली ढाल. अमेरिका नंतर आली.

पण दुसरा प्रकार आहे, गोल्फ क्रोके. त्यात जादा फटके नाहीत, प्रत्येकाने आळीपाळीने एकेक मारायचा, सगळे एकाच हूपच्या मागे, जो आधी पार करेल त्याला पॉइंट, मग सगळे पुढच्या हूपकडे. सात पॉइंट आधी करेल तो जिंकला. खुर्चीत बसावं लागत नाही. आणि याचा बादशहा कोण? इजिप्त! इंग्रज कैरोच्या क्लबांत खेळ सोडून गेले, यांनी तो आपला केला, रात्री दिवे लावून खेळतात आणि टोला असा की चेंडू पंचवीस यार्डांवरून दुसऱ्याला उडवतो. १९९६ ला पहिली जागतिक स्पर्धा झाली ती इजिप्तच्या खालेद युनिसने जिंकली आणि पुढे बरीच वर्षं कप तिकडेच राहिला. २०१३ मध्ये रेग बॅमफर्ड या दक्षिण आफ्रिकेच्या माणसाने तो खुद्द कैरोत जाऊन उचलला. त्याच वर्षी मोठ्या प्रकाराचाही तोच जगज्जेता.

---

निमा

इंग्रज आपल्याकडेही सोडून गेले असतील की. पुण्यात बॅडमिंटनचे नियम बसवले ना त्यांनी, खेळाला पूनाच म्हणायचे. मग क्रोके का नाही रुजला?

---

डावखुरा

माझा अंदाज: पावसाळ्यात चार महिने चिखल, उन्हाळ्यात चार महिने खडक. चेंडू नीट जायला लॉन वर्षभर राखावं लागतं, माळी लागतो, पाणी लागतं. बॅडमिंटनला दोरी बांधली की झालं. क्रिकेट तर खळ्यातही होतं.

---

आजोळ_इगतपुरी

थांबा थांबा. गेले दोन दिवस धागा वाचतोय आणि डोक्यात काहीतरी टकटक करत होतं, आत्ता पेटली ट्यूब.

माझे आजोबा रेल्वेत होते, इगतपुरीला. रिटायर झाल्यावर घर बांधलं तेव्हा जुन्या क्वार्टरमधली अडगळ सोबत आणली, त्यात एक लांबडी लाकडी पेटी होती. त्यात दोन लांब दांड्याच्या मोगऱ्या होत्या. मामा त्यातल्या एकीचा दांडा कापून तिने नवी बॅट ठोकायचा, अळशीचं तेल लावून. दोन लाकडी चेंडू होते, एक निळा होता हे नक्की, आम्ही तो उतारावरून सोडायचो. आणि लोखंडी जाड कमानी होत्या, त्या आजी परसात... हे क्रोकेच होतं का हो?

---

डावखुरा

अहो! दांडा कापला!! (बसलो मी.)

असूच शकतं. कमानी बघता येतील का? एक खूण सांगतो. पहिल्या हूपचं डोकं निळं रंगवतात आणि शेवटच्याचं लाल. शेवटच्याला रोव्हर म्हणतात. रंग उडाला असेल पण खाचेत कुठेतरी राहिलेला असतो. चेंडू कुठे आहे?

---

आजोळ_इगतपुरी

चेंडू गेला, विहिरीत असावा. रविवारी जातोय मामाकडे, बघून कळवतो.

---

बारामतीचा_बंड्या

आमी बसलोय हितंच.

---

आजोळ_इगतपुरी

जाऊन आलो. पेटीला वाळवी लागली, तळ गेलाय. मोगरी आहे, कापलेली, मामीने धुण्यासाठी ठेवलीय. कमानी परसात चार सापडल्या, जमिनीत दोन्ही पाय रोवलेल्या, नखाने गंज खरवडला तर एकीच्या माथ्यावर लाल रंग आहे. चक्क लाल. फोटो काढला पण पानांमुळे नीट आला नाही.

डावखुरा, तुमची रोव्हर आहे हो. पण उपटून आणता आली नाही, तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय आणि मामी म्हणते मोसम संपल्याशिवाय हात लावायचा नाही.